पंचेचाळीस पॉइंट झिरो सहा झिरो तीन

"मावशी, २६.१३०९ घेऊ का ५१.२२०७?"

रविवारी सकाळी साडेसातला मी इकडे हार्टफर्डमध्ये चहा गाळत होते, तिकडे मिरजेत संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि भाचीने हॅलो नाही की कशी आहेस नाही, डायरेक्ट हे विचारलं. आणि गंमत म्हणजे मला कळलं. म्हणजे पहिला आकडा एपिडेमिऑलॉजीचा, म्हणजे रोगांच्या मोजमापाचा, असणार हे मला लगेच कळलं, दुसरा शोधायला लागला, पण एकावन्नने सुरू होतंय म्हणजे आरोग्याचं काहीतरी, आणि ती इतक्या पडेल आवाजात विचारतेय म्हणजे ते स्टेम नसणार. आपल्याकडे पूर्वी स्थळ आलं की आधी पत्रिका बघायचे आणि मुलगा नंतर, तसं झालंय आता. विषय नंतर, आधी कोड.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तुम्ही हे सगळं झोपेतही म्हणू शकता. अमेरिकेत शिकायला एफ-वन व्हिसावर आलात की डिग्रीनंतर १२ महिने काम करायला मिळतं, त्याला ओपीटी म्हणतात. तुमची डिग्री स्टेमच्या, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित यांच्या यादीत असेल तर वर अजून २४ महिने. म्हणजे एकाला एक वर्ष आणि शेजारच्या बाकावरच्याला तीन वर्षं. त्यानंतर राहायचं तर बहुतेकांना एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, त्याचे वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २०,०००, अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून मार्चमध्ये लॉटरी. ओपीटीचं एक वर्ष म्हणजे लॉटरीची एक चिठ्ठी, फार तर दोन. तीन वर्षं म्हणजे तीन किंवा चार. एवढंच गणित आहे, आणि या एवढ्याशा गणितापायी किती पोरांचे विषय बदलले असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली मला माहीत नाही.

यातली खरी थट्टा पुढे आहे. हे कोड व्हिसासाठी बनवलेलेच नाहीत! अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १९८० मध्ये कुठल्या विषयात किती पोरं शिकतायत हे मोजायला एक यादी केली, प्रत्येक विषयाला सहा आकडे. आपल्याकडे शिरगणतीला घरांवर नंबर टाकून जातात ना, तसे. मग पुढे २००८ मध्ये ओपीटी वाढवून द्यायचं ठरलं (तेव्हा १७ महिने होतं, २०१६ पासून २४) तेव्हा कुणाला द्यायचं हे ठरवायला हीच यादी हाताशी होती. मोजायला टाकलेला नंबर, आणि आता त्याच नंबरावर ठरतं की तुम्ही पुढच्या जूनमध्ये कुठल्या देशात असाल.

माझा नंबर ४५.०६०३.

मी साताऱ्याची. पुण्यात इकॉनॉमिक्समध्ये बीए केलं, एमए केलं, आणि एमएच्या दुसऱ्या वर्षी एका सरांनी १८७५ च्या दंग्यांवर सेमिनार द्यायला लावला तिथे मी जी अडकले ती अडकलेच. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांतून वह्या, रोखे, गहाणखतं बाहेर काढून जाळली, आणि मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरत गेलं. शाळेत आपण हे दोन ओळींत शिकतो, दख्खनचे दंगे, कारणे द्या, चार मार्क. पण त्याच्या मागे गेलात की गोष्ट कुठल्या कुठे जाते. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला यायचा बंद झाला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली, १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, वर सरकारने शेतसारा वाढवून ठेवलेला, आणि सुप्याच्या माणसाला हे सगळं कुठल्यातरी लांबच्या देशातल्या भांडणामुळे झालंय हे कुणी सांगितलं असेल का? त्याच्यासमोर फक्त वही होती. मला तेच शिकायचं होतं, वहीत काय लिहिलं होतं ते. कुणी किती घेतलं, व्याज कसं लावलं, रोखा दर दोन-तीन वर्षांनी नवा का करून घ्यायचे. आर्थिक इतिहास म्हणतात याला. नोकरीच्या दृष्टीने याला काय म्हणतात ते आमच्या दादाने तेव्हा सांगितलं होतं, ते इथे लिहीत नाही.

२०१७ च्या मार्चमध्ये माझ्याकडे दोन ॲडमिट होते. एक मिडवेस्टमधली युनिव्हर्सिटी, तिथे ग्रामीण कर्जाच्या इतिहासावर काम करणाऱ्या एक प्रोफेसर होत्या, त्यांनी माझ्या एसओपीवर (का शिकायचंय ते सांगणारा निबंध) स्वतः मेल करून दोन प्रश्न विचारले होते, तो मेल मी प्रिंट काढून ठेवलेला, हसू नका. त्या प्रोग्रामचा कोड ४५.०६०१, नुसतं साधं इकॉनॉमिक्स. स्टेम नाही. दुसरा प्रोग्राम बोस्टनच्या जवळचा, नाव जवळजवळ तेच, पण कोड ४५.०६०३, इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स. स्टेम. त्या दिवसांत इकॉनॉमिक्सवाली डिपार्टमेंट्स एकामागून एक आपला कोड एकवरून तीनवर नेत होती, बाहेरच्या पोरांना तेच हवं असायचं हे उघड होतं, कोर्स तोच, प्रोफेसर तेच, शेवटचा आकडा बदलला की अर्ज वाढले. शेवटचा आकडा बदलणं! आमच्याकडे सात-बाऱ्यावरची नोंद बदलायला वर्षं जातात.

निर्णय घ्यायला मला एक रात्रसुद्धा लागली नाही. लागायला हवी होती असं आता वाटतं, पण तेव्हा समोर बँकेचा कागद होता. ३५ लाख कर्ज, साडेअकरा टक्के, तारण म्हणून साताऱ्याचं घर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, त्यांच्या आयुष्यातली एकमेव मोठी खरेदी म्हणजे ते घर, आणि ज्या दिवशी गहाणखत करायला गेलो त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बँकेतल्या माणसाने जिथे जिथे सह्या करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. आई को-ॲप्लिकंट, ती प्रत्येक सहीच्या आधी माझ्याकडे बघायची. मी दंग्यांवर साठ पानांचा सेमिनार लिहिलेली बाई, रोखे कसे लिहून घ्यायचे यावर तासभर बोलू शकणारी, आणि मी माझ्या बापाला फुली कुठे आहे ते बोटाने दाखवत होते. डॉलर तेव्हा ६५ च्या आसपास होता. दादाने एका कागदावर हिशोब मांडला, एक वर्ष काम केलं आणि परत आलीस तर इतके हप्ते, तीन वर्षं केलंस तर इतके. तीनच्या खाली त्याने दोन रेघा मारल्या. संपलं.

त्या मिडवेस्टच्या प्रोफेसरांना मी "पर्सनल कारणांमुळे" असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, छानच होतं, तेही प्रिंट आहे.

मग मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत, व्हिसा इंटरव्ह्यू. तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, की खिडकीतल्या माणसाला तुम्ही परत जाणार असं पटलं पाहिजे, कायद्याचं गृहीतच असं की समोरचा राहायलाच आलाय, नाही हे तुम्ही दाखवायचं. आणि तुम्ही खिडकीसमोर उभे असता तेव्हा हातातल्या फाईलमध्ये असतो तो प्रोग्राम, जो तुम्ही जास्त दिवस राहता यावं म्हणून निवडलेला असतो. मी खोटं बोलले नाही. मला खरंच परत यायचं होतं, कर्ज फिटलं की. त्याने तीन प्रश्न विचारले, पैसे कोण देणार हा दुसरा, आणि पासपोर्ट ठेवून घेतला. बाहेर बाबा फुटपाथवर पिशवी धरून उभे होते, मी लांबूनच अंगठा दाखवला तर त्यांना दिसला नाही, त्यांना वाटलं नाही मिळाला, आणि जवळ जाईपर्यंत त्यांनी तोंडावर "असू दे गं" असा भाव तयार ठेवला होता.

शिकलेल्या दोन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बरं होतं. भरपूर कोडिंग केलं. इतिहासाचा एक कोर्स इलेक्टिव्ह म्हणून घ्यायला गेले तर ॲडव्हायझर म्हणाले, रेझ्युमेला मशीन लर्निंग बरं दिसेल. दिसलं.

ओपीटीबद्दल मात्र सांगायला हवं, कारण लोक तीन वर्षं ऐकतात आणि त्यातला मीटर कुणी सांगत नाही. ओपीटी सुरू झालं की बेकारीचे ९० दिवस मिळतात, पुढच्या स्टेमच्या काळासकट सगळे मिळून १५०. शनिवार-रविवार धरून. चार जुलैची सुट्टी धरून. माझं ओपीटीचं कार्ड १ जुलै २०१९ पासूनचं होतं आणि माझ्याकडे नोकरी नव्हती. आम्ही चौघी एका अपार्टमेंटमध्ये, फ्रीजवर एक कॅलेंडर, आणि त्यावर चार रंगांच्या पेनांनी प्रत्येकीचे दिवस. मी हिरवी. पहिले वीस दिवस मी फक्त ज्यात रिसर्च असा शब्द आहे तिथेच अर्ज केले. चाळिसाव्या दिवशी मी कुठेही अर्ज करत होते. पंचावन्नाव्या दिवशी टेक्सासमधल्या एका कन्सल्टन्सीचा फोन आला, आम्ही तुमच्या रेझ्युमेवर सहा वर्षांचा अनुभव घालतो, तुम्ही फक्त इंटरव्ह्यू द्या, एकदम गोड बोलत होता, मराठीच होता वर. मी नाही म्हटलं, पण लगेच नाही म्हटलं असं नाही, उद्या सांगते म्हटलं आणि रात्रभर जागी होते. हे लिहितेय कारण जे हो म्हणतात त्यांना नावं ठेवणारे बहुतेक लोक पंचावन्नाव्या दिवशी स्वतःच्या घरात असतात.

७१ व्या दिवशी हार्टफर्डची नोकरी लागली. हे इन्शुरन्सचं गाव, इथे उंच दिसणाऱ्या निम्म्या बिल्डिंगा कुठल्या ना कुठल्या विमा कंपनीच्या. माझं काम गाड्यांच्या अपघातांचे क्लेम. कुठला क्लेम खोटा असेल याचा अंदाज बांधायचा. स्टेमच्या वाढीव ओपीटीला कंपनीकडून एक फॉर्म भरून घ्यावा लागतो, हे काम तुमच्या डिग्रीशी कसं जोडलेलं आहे आणि कंपनी तुम्हाला काय शिकवणार ते. माझा मॅनेजर भला माणूस, त्याने विचारलं, इकॉनॉमिक्सचा आणि फुटलेल्या बंपरचा संबंध काय लिहू? आम्ही दोघांनी मिळून अर्धा दिवस बसून संबंध लावला.

मग लॉटरी. मार्च २०२० ला पहिल्यांदाच ऑनलाइन नोंदणी होती, दहा डॉलर फी, माझं नाव वकिलाने टाकलं. आपल्याला स्वतःला काही दिसत नाही, वकिलाच्या अकाउंटमध्ये दिसतं. निवडलं गेलं तर सिलेक्टेड. नाही तर सबमिटेड, म्हणजे अजून रांगेत. सबमिटेड हा शब्द मी दीड वर्षापेक्षा जास्त जगले. मार्च २०२० सबमिटेड. ऑगस्टमध्ये दुसरी फेरी काढली, तेव्हाही नाही. मार्च २०२१ ला पुन्हा नोंदणी, त्या वर्षी ३ लाख ८ हजारांवर नावं होती (दोन वर्षांनी ती ७ लाख ८० हजारांवर गेली, म्हणजे मी स्वस्तात सुटले म्हणायचं). नाही. जुलैमध्ये दुसरी फेरी, नाही. आई फोनवर विचारायची लागली का गं लॉटरी, आणि शेजारच्या काकूंना वाटायचं मी तिकिटं घेते. नोव्हेंबर २०२१ मध्ये, ओपीटीचे सात महिने उरलेले असताना, कुणाच्या ध्यानीमनी नसताना तिसरी फेरी काढली आणि वकिलाचा एका ओळीचा मेल आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. गाडीत बसले, परत उतरले, परत बसले.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर कोडने मला वाचवलं. ४५.०६०१ घेतलं असतं तर माझं ओपीटी ३० जून २०२० ला संपलं असतं, ऐन कोविडमध्ये, विमानं बंद, खांद्यावर ३५ लाख आणि हातात लॉटरीची एक हरलेली चिठ्ठी. त्यामुळे कुणी "मनाचं ऐका, पॅशन फॉलो करा" असं काही म्हणायला लागलं की मला राग येतो. मनाचं ऐकायला आधी घर गहाण नसावं लागतं.

पण मग माझी ती चौथी रूममेट आठवते, कॅलेंडरवरची जांभळी. नागपूरची. तिने पब्लिक हिस्टरी केलं होतं, स्टेम नाही, बिम नाही, आम्ही तिघी तिच्याकडे जरा दयेने बघायचो. तिला एका युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हमध्ये नोकरी लागली, पगार आमच्या निम्म्याच्या जरा वर. आणि सहा महिन्यांत तिचा एच-वन-बी झाला. लॉटरीशिवाय! कारण युनिव्हर्सिट्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था त्या ६५,००० च्या बाहेर असतात, त्या वर्षात कधीही अर्ज करू शकतात. हा नियम काही गुपित नव्हता, पण आमच्या ग्रुपमध्ये त्याच्यावर कधी बोलणंच झालं नाही, कारण ग्रुपमध्ये सगळे स्टेम. आम्ही एका दाराशी चेंगराचेंगरी करत होतो आणि ती मागच्या दाराने जाऊन जुनी पत्रं लावत बसली होती. अर्थात अशा नोकऱ्या मूठभर, आणि तिला असिस्टंटशिप असल्याने फी माफ होती, कर्ज नव्हतंच. कर्ज असतं तर तो पगार तिला परवडला नसता. मी हे स्वतःला बऱ्याचदा सांगते. जरा जास्तच वेळा.

कधीकधी आणखी एक आठवण येते, तुलना करायची माझी लायकी नाही हे आधीच सांगते. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियात इकॉनॉमिक्सच शिकायला आले, सयाजीरावांची शिष्यवृत्ती, आणि करारात परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी. १९१७ ला मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून जावं लागलं. मुदत तेव्हाही होती. पण काय शिकायचं ते त्यांनी मुदतीला विचारून ठरवलं नव्हतं.

भाचीचं म्हणाल तर ती डेंटिस्ट. इंटर्नशिपमध्ये मिरजेच्या आसपासच्या गावांत पोस्टिंग होतं तेव्हा तिने मिश्री लावणाऱ्या बायका पाहिल्या, तोंडात पांढरे चट्टे घेऊन येणाऱ्या, वीस वीस वर्षं तंबाखू भाजून दातांना लावलेल्या, आणि त्यांना बस म्हणून सांगून काही होत नाही, दुसरं काहीतरी करायला पाहिजे, हे तिच्या डोक्यात बसलं. म्हणून पब्लिक हेल्थ. ५१.२२०७ म्हणजे लोकांपर्यंत आरोग्य पोचवायचं कसं ते. २६.१३०९ म्हणजे रोगाचं मोजमाप. एकाच बिल्डिंगमध्ये दोन मजल्यांवर, डिग्रीचं नाव दोन्हीकडे एमपीएच, मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. एक वर्ष, तीन वर्षं.

आणि तिचा काळ माझ्यापेक्षा अवघड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली तेव्हा मी नेमकी साताऱ्यात होते, पितृपक्ष, आजीचं श्राद्ध होऊन गेलेलं. शनिवारी सकाळी कंपनीचा मेल, रविवारच्या आत परत या. साताऱ्याहून मुंबईच सहा तास! आई म्हणाली आता सर्वपित्री झाल्यावरच जा, आणि तसंही पोचणं शक्य नव्हतं, म्हणून मी बसून राहिले. ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे लागू नाही असा खुलासा रात्री आला, आणि इथेच शिकून इथेच व्हिसा बदलणाऱ्यांना नाही हे महिन्याभराने. मग वर्ष संपता संपता लॉटरीचाच नियम बदलला, ज्याच्या पदाची पगाराची पातळी वरची त्याच्या चिठ्ठ्या जास्त, सगळ्यात वरच्याच्या चार, सगळ्यात खालच्याची एक. नुकतीच शिकून निघालेली पोर कुठल्या पातळीवर असणार? आणि एवढं करून पुढे ग्रीन कार्डची रांग आहेच, मी रांगेत लागले २०२३ ला आणि आपल्या लोकांची ईबी-टू ची, म्हणजे मास्टर्सवाल्यांची, रांग २०२५ च्या मध्यावर २०१३ ला लागलेल्यांपाशी उभी होती. तर तीन वर्षं घेऊनही तिला काय मिळेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, जे दादा २०१७ ला दोन रेघा मारून सांगू शकला होता.

मी तिला विचारलं, कर्ज किती? म्हणाली बावीस. तारण? गप्प. मग म्हणाली, बाबा म्हणतायत दुकानाचा गाळा.

मी म्हटलं दोन्ही प्रोग्रामचे कोर्स पाठव, खालच्या मजल्यावरचे किती कोर्स वरच्या मजल्यावरून घेता येतात ते बघू. तिने एक्सेल पाठवलं. पहिला कॉलम कोड, दुसरा ओपीटीचे महिने, तिसरा फी, मग हवामान, मग मराठी मंडळ आहे का. विषय सातव्या कॉलममध्ये.

मग म्हणाली, मावशी तुझी आय-ट्वेंटी, व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, दाखव ना, त्यावर कोड कसा लिहितात बघायचंय. कपाटातून फाईल काढली, तिच्यात ते दोन प्रिंट काढलेले मेल पण होते, ते बाजूला ठेवले आणि पहिल्या पानाचा फोटो पाठवला. दोन मिनिटं शांतता.

"मेजर वन, इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, ४५.०६०३," तिने मोठ्याने वाचलं. "आणि त्याच्याखाली मेजर टू आहे, तिथे नन लिहिलंय. शून्य शून्य, शून्य शून्य शून्य शून्य. हे काय होतं गं?"